सोक्रातीस

(१९ फेब्रुवारी १९५४ – ४ डिसेंबर २०११). विख्यात ब्राझीलियन व्यावसायिक फुटबॉलपटू, वैद्य व स्तंभलेखक. संपूर्ण नाव सोक्रातीस ब्राझिलेइरू सांपायू दे सोझा व्हिएइरा दे ओलिव्हेइरा. त्याचा जन्म उत्तर ब्राझीलमधील बेलेम येथे झाला. वडील सरकारी नोकर व ग्रीक तत्त्वज्ञानाचे चाहते. त्यामुळे थोरल्या तीन मुलांना ग्रीक नावे मिळाली. १९६४ मधील लष्करी उठावानंतर वडिलांनी भीतीपोटी आपली काही पुस्तके जाळली. दहा वर्षांच्या सोक्रातीसच्या मनावर या घटनेचा खोल ठसा उमटला.

रिबेरांव प्रेतू येथे बोताफोगू संघाकडून खेळत असतानाच त्याने वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले आणि १९७८ मध्ये तो साओ पाउलूच्या कोरिंथियन्स संघात आला. उंच शरीरयष्टी व त्या मानाने लहान पावले यांमुळे चटकन वळणे त्याला जड जाई. ही उणीव त्याने टाचेने चेंडू देण्याच्या असामान्य कौशल्याने भरून काढली. १९८२ च्या विश्वचषक स्पर्धेत तो ब्राझीलचा कर्णधार होता. त्या संघाला इटलीने ३–२ असे हरविले. तरीही जगज्जेत्या न ठरलेल्या संघांत तो सर्वोत्कृष्टांपैकी एक गणला जातो.

लष्करी राजवटीच्या अखेरच्या काळात कोरिंथियन्समध्ये ‘कोरिंथियन लोकशाही’ हा प्रयोग झाला. सरावाच्या वेळा, प्रवास, नव्या खेळाडूंची निवड असे निर्णय मतदानाने होत आणि खेळाडू असो वा सामानाची व्यवस्था पाहणारा कर्मचारी, प्रत्येकाला एकच मत असे. याचे श्रेय एकट्या सोक्रातीसला देणे योग्य नाही. व्लादिमीर, काझाग्रांदे हे सहकारी आणि समाजशास्त्रज्ञ असलेले संचालक अदिल्सन मोंतेइरू आल्व्हिस यांचा वाटाही मोठा होता. नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकांपूर्वी ‘१५ तारखेला मतदान करा’ असा मजकूर असलेले सदरे घालून संघ मैदानात उतरला. १९८२ व १९८३ मध्ये त्याने साओ पाउलू राज्याचे अजिंक्यपद मिळविले. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक प्रत्यक्ष मतदानाने व्हावी, ही घटनादुरुस्ती मंजूर झाल्यास आपण देश सोडणार नाही, असे सोक्रातीसने १९८४ च्या विराट सभेत जाहीर केले होते. ती २२ मतांनी फेटाळली गेली आणि तो इटलीतील फिओरेन्तिना संघाकडे गेला. तेथे तो फारसा रमला नाही. वर्षभराने तो परतला.

१९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने रिबेरांव प्रेतू येथे वैद्यकीय व्यवसाय केला, काही काळ प्रशिक्षकाचे काम पाहिले आणि ‘कार्ता कापिताल’ या साप्ताहिकातून क्रीडा व राजकारण या विषयांवर स्तंभलेखन केले. कोरिंथियन लोकशाहीवरील त्याचा सहलेखनातील ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघातील राई हा त्याचा धाकटा भाऊ.

वैद्य असूनही मद्य व धूम्रपान त्याला सोडता आले नाही. २०११ मध्ये पचनसंस्थेतील रक्तस्रावामुळे त्याला वारंवार रुग्णालयात दाखल करावे लागले व अखेर साओ पाउलू येथे जंतुसंसर्गाने त्याचे निधन झाले. त्याच दिवशी कोरिंथियन्सने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. सामन्यापूर्वी त्या संघाच्या खेळाडूंनी, गोल केल्यावर सोक्रातीस करीत असे त्याप्रमाणे, उजवी मूठ उंचावून त्याला आदरांजली वाहिली.