निर्जन बेटावरील मुक्काम आणि शेकोटी

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात बाह्य हेब्रिडीज नावाची द्वीपमाला आहे. तिच्या दक्षिण टोकाकडे, बॅरा बेटापासून सुमारे १२ मैलांवर, मिंगुले हे लहानसे बेट लागते. होडी लावावयास सुरक्षित जागा नाही आणि उपजीविकाही दुष्कर, म्हणून तेथील अखेरच्या रहिवाशांनी १९१२ साली बेट सोडले. त्यांच्या घरांच्या दगडी भिंती तेवढ्या मागे उरल्या. उन्हाळ्यात समुद्र शांत असला म्हणजे बॅराहून लहान नौका प्रवाशांना येथे आणतात, आणि त्यांपैकी काहीजण तंबू ठोकून रात्र काढतात. आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुलेमुली आज शिक्षणासाठी त्या देशात आहेत. सुट्टीत अशा बेटांची ओढ त्यांनाही लागते. यजमान निघून गेलेल्या घरी पाहुण्याने कसे वागावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला अगदीच परका नाही.

अशा मुक्कामास तेथील कायद्याची मान्यता आहे. स्कॉटलंडच्या २००३ सालच्या भूमिसुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या भूमीवर, मग तिची मालकी कोणाचीही असो, पायी हिंडण्याचा व साध्या तंबूत राहण्याचा हक्क प्रत्येकास दिला. परंतु तो जबाबदारीने वागेल त्यालाच लाभतो, अशी अटही घातली. त्याबरोबर २००५ पासून एक आचारसंहिता लागू झाली. मंडळी थोडी असावी, तंबू हलका असावा, एका जागी दोन-तीन रात्रींहून अधिक राहू नये, पिकांच्या वा गुरांच्या कुंपणात शिरू नये, घरांपासून व प्राचीन अवशेषांपासून दूर राहावे, असे तिचे सांगणे आहे. लघुशंकेस जावयाचे तेही पाण्यापासून निदान ३० मीटर दूर.

हा हक्क किती दुर्मिळ आहे, हे शेजारच्या इंग्लंडकडे पाहिले म्हणजे कळते. तेथे तो जवळजवळ डार्टमूरच्या माळरानापुरताच आहे, आणि त्यावरही न्यायालयात वाद झाला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो हक्क नाकारला, त्याच वर्षी जुलैत अपील न्यायालयाने तो परत दिला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. एका तंबूवाल्याच्या निष्काळजीपणाचे मोल असे सर्वांनाच भरावे लागू शकते.

सर्वांत मोठा धोका शेकोटीचा. या बेटांवर पुष्कळ ठिकाणी पायाखाली साधी माती नसून पीट असते. शेवाळ व गवत पाण्यात अर्धवट कुजून शतकानुशतके साचत गेले, त्याचा हा काळा, स्पंजासारखा थर. मीटरभर थर साचावयास सुमारे एक हजार वर्षे लागतात. वाळवला की तो चुलीत जळतो. बेटांवरील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरच आपले अन्न शिजविले. अशा भूमीवर शेकोटी पेटविणे म्हणजे सरपणाच्या राशीवरच चूल मांडणे होय. वरची ज्वाला विझली तरी धग खाली मुरते, थोड्याशा हवेवर दिवसेंदिवस धुमसत पुढे सरकते आणि भलत्याच जागी डोके वर काढते. तोवर प्रवासी परतलेला असतो, आणि निर्जन बेटावर आग विझविण्यास धावून येणारे कोणी नसते.

यास्तव स्वयंपाकासाठी लहान स्टोव्ह न्यावा, हेच उत्तम. विमानाने जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत; ती तिकडे उतरल्यावरच विकत घ्यावी. शेकोटीचा मोह आवरेनाच, तर ती वाळूवर, भरतीच्या रेषेच्या खाली व अगदी लहान करावी. आणि बरेच दिवस पाऊस नसेल तर मुळीच करू नये. जळण म्हणून लाटांनी वाहून आणलेले लाकूडच थोडके घ्यावे. चुलीसाठी पडक्या घरांचा एकही दगड उचलू नये. ती कोणाच्या तरी आजोबांची भिंत आहे. ओले दगडही विस्तवाभोवती रचू नयेत, कारण आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. विझविताना वाळू लोटून निखारे झाकण्याची चूक पुष्कळजण करतात. वाळूखाली निखारा तासन्‌तास तापलेला राहतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादे मूल अनवाणी त्यावर पाय देते. समुद्राचे पाणी ओतावे, ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राख हाताला थंड लागली म्हणजेच उठावे.

दुसरी जपणूक पक्ष्यांची. काही पक्षी उघड्या वाळूवर व खड्यांतच अंडी घालतात, आणि ती खड्यांच्याच रंगाची असतात. पफिन हा पक्षी हिरवळीखाली बीळ करून राहतो; त्यावर तंबू ठोकला वा नुसते चालले, तरी बीळ ढासळते. म्हणून जागा निवडण्यापूर्वी भूमी नीट पाहावी. पक्षी डोक्यावर आक्रोश करीत घिरट्या घालू लागला तर मुकाट्याने तेथून निघावे. होडीत चढण्यापूर्वी आपली पोतडी उघडून तपासावी, हेही तितकेच महत्त्वाचे. एखाद्या पिशवीतून उंदीर बेटावर पोचला, तर तो जमिनीवरची अंडी व पिले फस्त करतो. याच द्वीपमालेतील शियंट बेटे उंदीरमुक्त करण्यास हिवाळाभर खपावे लागले, आणि ती मुक्त झाल्याची घोषणा २०१८ साली झाली.

तंबू गुंडाळल्यावर शेवटी एकदा मागे वळून पाहावे. थोडेसे दबलेले गवत सोडून तेथे आपली काहीही खूण दिसता कामा नये. पुढच्या होडीतून येणाऱ्याला हे बेट आपणच प्रथम पाहत आहोत असे वाटावे. आणि ज्यांचे पूर्वज येथून गेले त्यांपैकी कोणी आले, तर त्यांच्या अंगणात आपली राख त्यांना सापडू नये.