रकान्यात ‘निरंक’, प्रोग्रॅममध्ये शून्य? पायथॉन आकडे बदलताना कुठे अडतो?

महिनावार पावसाच्या नोंदींची एक फाइल डोळ्यांसमोर आणा. काही आकडे इंग्रजी अंकांत, काही मराठीत. एके ठिकाणी ‘१,२५०’, कुठे ‘निरंक’, तर एखादा चौकोन रिकामाच. माणसाला हे सगळे वाचता येते. पायथॉनला मात्र बेरीज करण्याआधी प्रत्येक नोंद आकड्यात बदलावी लागते आणि तिथेच प्रोग्रॅम बंद पडतो.

अडचण एकच नसते

गंमत म्हणजे देवनागरी अंक पायथॉनला चालतात. ‘४२.५’ हा मजकूर ‘फ्लोट’ला दिला, तर तो बिनतक्रार आकडा होतो. स्वल्पविराम मात्र चालत नाही. ‘१,२५०’ दिले की ‘व्हॅल्यूएरर’ येतो, ‘निरंक’लाही तोच. रिकामा चौकोन ‘नन’ म्हणून आला तर ‘टाइपएरर’, मोकळा मजकूर म्हणून आला तर पुन्हा ‘व्हॅल्यूएरर’.

शून्य टाकले की संपले?

अनेक नवशिके ‘ट्राय’खाली नुसते ‘एक्सेप्ट’ लिहितात आणि अडले की शून्य टाकतात. प्रोग्रॅम थांबत नाही, उत्तर मात्र चुकते. समजा, ३ केंद्रांवर ४०, ५० आणि ६० मिलिमीटर पाऊस झाला आणि चौथ्याची नोंदच आली नाही. शून्य धरले तर सरासरी ३७.५, नोंद वगळली तर ५०. ‘निरंक’ म्हणजे पाऊस झाला नाही, तिथे शून्य बरोबर. रिकामा चौकोन म्हणजे माहिती नाही. शिवाय नुसते ‘एक्सेप्ट’ व्हेरिएबलच्या नावातली टायपिंगची चूकही पोटात घालते.

मग लिहायचे कसे?

‘निरंक’ला शून्य द्या, स्वल्पविराम काढा, हे ‘ट्राय’च्या आधीच. ‘ट्राय’मध्ये फक्त रूपांतराची ओळ ठेवा. ‘एक्सेप्ट’पुढे ‘व्हॅल्यूएरर’ आणि ‘टाइपएरर’ ही दोनच नावे कंसात लिहा. अडलेल्या जागी ‘नन’ ठेवा आणि ओळ क्रमांकासह मूळ मजकूर वेगळ्या यादीत जमा करा. ती यादी कुणीतरी वाचली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

‘पांडास’ वापरणाऱ्यांसाठी ‘टू_न्यूमेरिक’ आहे. त्यात ‘एरर्स’ला ‘कोअर्स’ दिले की अडलेल्या जागी ‘नॅन’ येते आणि सरासरी काढताना ती जागा आपोआप वगळली जाते. सोय मोठी आहे. पण आधी ‘निरंक’ बदलले नसेल, तर कोरडी केंद्रेही त्यात गळतात. मग चौथे केंद्र ‘निरंक’ असतानाही सरासरी ३७.५ऐवजी ५० दिसते.