कुजण्याआधीच दगड झालेली बुरशी

बुरशीचा जीवाश्म मिळणे दुर्मीळ. तिला हाड नाही, शिंपला नाही. केसाहून बारीक तंतू आणि बीजाणू एवढाच तिचा पसारा. इतरांना कुजवणारी बुरशी स्वतःही मागमूस न ठेवता नाहीशी होते. म्हणूनच स्कॉटलंडमधल्या रायनी या खेड्याचे मोल मोठे.

भूविज्ञानाची आवड असलेले डॉक्टर विल्यम मॅकी यांना १९१२च्या सुमारास तिथल्या शेतांच्या दगडी बांधांत चर्ट या सिलिकायुक्त कठीण खडकाचे दगड आढळले. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्यांचे सिलिकायुक्त पाणी आसपासच्या झाडोऱ्यावर पसरे, पेशीपेशींत मुरे आणि कुजण्याची क्रिया पुरी होण्याआधीच सारे दगड होऊन जाई. त्यात बुरशीही सापडली. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक किडस्टन आणि लँग यांनी १९२१ साली तिचे सविस्तर वर्णन केले.

हा दगड प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासला की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. १९९४ साली अशाच चकत्यांत, अ‍ॅग्लाओफायटन या वनस्पतीच्या पेशींमध्ये, झाडासारख्या फांद्या फुटलेली बुरशी दिसली. वनस्पतीला खनिजे पुरवून तिच्याकडून अन्न घेणारी, आपले शेतकरी जिला मायकोरायझा म्हणतात, तीच ही भागीदारी. वनस्पतींना खरी मुळेही नव्हती, तेव्हापासून ती चालत आली आहे.

रोगाची कथाही याच दगडात आहे. २०२३ साली पॉटेरोमायसीस ही वनस्पतीला रोग लावणारी बुरशी जाहीर झाली. तिने ग्रासलेल्या जागी वनस्पतीवर घुमटासारखे उंचवटे आले होते. म्हणजे हल्ला झाला तेव्हा वनस्पती जिवंत होती. लेखिका आणि बुरशीच्या अभ्यासक बिआट्रिक्स पॉटर यांचे नाव या बुरशीला दिले आहे. हा शोध लागला तो लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या संग्रहातून. एडिंबरोतल्या संग्रहालयातल्या आणखी एका चकतीने त्याला दुजोरा दिला.

जपून ठेवलेला दगड नव्या उपकरणाखाली नवे सांगतो. हे आपल्यालाही लागू आहे. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये, छिंदवाड्याजवळच्या मोहगावकलानच्या चर्टमध्ये, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती आणि बुरशी टिकून आहेत. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनींपासून अनेकांनी हा चर्ट अभ्यासला. दगड कुठे सापडला याची नोंद, क्रमांक घातलेली प्रत्येक चकती आणि ती सांभाळणारे संग्रहालय यांवरचा खर्च म्हणजे पुढच्या संशोधनाचीच तरतूद आहे.