चौदाचे तेरा

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली की आमच्याकडे फासे निघतात. चार पैलूंचे, आठ पैलूंचे, वीस पैलूंचे. खेळणारे पाच जण आणि गेममास्टर म्हणून मी. जग मी उभं करायचं, त्यात जगायचं त्यांनी. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातल्या एका मुलीने आपल्या पात्राच्या कागदावरचा, ‘पॉवर’च्या रकान्यातला १४ हा आकडा खोडरबराने पुसला आणि तिथे १३ लिहिले. कागद जुना, चारदा घडी पडलेला. खालचा चौदा पुसट दिसतच राहिला. टेबलावर कुणी बोललं नाही. तिने तो एक गुण एका देवीला दिला होता, आणि दिलेला गुण परत मागता येत नाही.

भक्तांमुळे काल्पनिक देवाला बळ मिळतं म्हणजे काय होतं, ते इतकी वर्षं खेळ चालवूनही मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

गुण देण्याचा हा नियम ‘रूनक्वेस्ट’ या खेळातला. १९७८ साली तो आला तो ग्रेग स्टॅफर्डने रचलेल्या ग्लोरँथा या जगासह. त्यात पॉवर म्हणजे पात्राच्या आत्म्याचं बळ. जादू त्याच्यावर चालते, शत्रूच्या मंत्राला टक्करही त्याच्याच जोरावर द्यायची. पंथाची दीक्षा घेतलेल्याने यातला गुण कायमचा अर्पण करायचा आणि बदल्यात देवाच्या शक्तीचा एक वाटा घ्यायचा. तो वाटा वापरला की संपतो. पुन्हा भरून हवा तर सणाला देवळात जाऊन पूजेत स्वतःची जादू खर्ची घालायची. शिवाय वेळेचा आणि मिळकतीचा दहावा हिस्सा पंथाचा. पुढे पॉवर वाढवता येते, पण फासा अनुकूल पडला तर. देणाऱ्याचं खरोखर काहीतरी जातं, म्हणून मला हा नियम इतका मोलाचा वाटतो.

याच्या आधीपासून चालत आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ चा. त्याच्या १९८० च्या देवांवरच्या पुस्तकात झ्यूसला ४०० प्राणगुण, म्हणजे मार सोसायची ताकद, दिले होते. आपले इंद्र, अग्नीही त्यात आहेत, तसेच मोजलेले. भक्तांमुळे देवाचं बळ कमी-जास्त होतं हा विचारही तिथे होता, पण डोळ्यांत भरायचे ते हे लढाईचे आकडे. देव म्हणजे सगळ्यांत अवघड राक्षस, असंच वाचणाऱ्याला वाटावं.

भक्त मध्यभागी आला तो याच खेळाच्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगात. १९८९ च्या कादंबऱ्यांमधली ही कथा. दैवाच्या पाट्या चोरीला गेल्या, तेव्हा सर्व देवांच्या वरचा आओ चिडला आणि त्याने देवांना मर्त्य देहांत पृथ्वीवर ढकललं. सत्तेच्या ओढीत ते भक्तांना विसरले होते. काही देव मेले, काही माणसं देव झाली, आणि शेवटी आओने ठरवलं की यापुढे देवाचं बळ भक्तांची संख्या आणि त्यांची निष्ठा यांवरच ठरेल. कल्पना मोठी आहे. पण याच जगात एक भिंतही आहे. ज्याने कुठल्याच देवाला मानलं नाही, त्याचा आत्मा मेल्यावर त्या भिंतीत चिणला जातो. ती भिंत मी माझ्या टेबलावर कधी आणलेली नाही आणि आणणारही नाही. धाकाने केलेल्या भक्तीतून देव मोठा होतो, हे मला मान्य नाही.

नुसत्या संख्येचा हिशेब मीही करून पाहिला होता. नदीच्या उताराची एक लहान देवी रचली आणि नियम केला की शंभर भक्तांमागे तिचं बळ एक पायरी चढेल. मंडळींनी तीन गावांत देवळं बांधली, धान्य वाटलं, तीनशे चाळीस माणसं जमवली. देवी तीन पायऱ्या चढली. त्या दिवशी खेळ संपताना मी विचारलं, देवीचं नाव काय? पाचांपैकी एकालाही आठवेना. घरी कुणी नसताना मी वहीतलं ते पान फाडलं.

आता देवीच्या वहीत संख्या नाही, नावं आहेत. प्रत्येक नावापुढे त्या माणसाने काय सोडलं ते. नावाडी पहिल्या पुरात एक फेरी फुकट मारतो. एका म्हातारीने मीठ सोडलंय. एका गुराख्याने आपली बासरी पाण्यात सोडली. या प्रत्येकाच्या बळावर देवीला एकेक गोष्ट जमते, आणि नाव खोडलं गेलं की ती जाते. पावसाळ्यातल्या त्या खेळात नावाडी बुडाला. मी त्याच्या नावावर रेघ मारली आणि सांगितलं, “देवीला आता पलीकडचा काठ दिसत नाही.” पलीकडच्या काठावर त्यांचे दोन साथीदार अडकले होते. थोडा वेळ शांतता, मग ती मुलगी म्हणाली, “मी दिला तर दिसेल?” मी हो म्हणालो. तिने खोडरबर मागितलं.

त्यानंतर या देवीसाठी मंडळी आपणहून ‘जागृत’ हा शब्द वापरायला लागली. मी सुचवला नव्हता. तो आपल्याकडे होताच. शुंभ-निशुंभांनी देवांचा यज्ञभाग हिसकावून घेतल्याची कथा ऐकत वाढलेल्यांना, भक्ताने दिलेल्यावर देव उभा असतो हे वेगळं समजवावं लागत नाही. समजवावं लागतं ते एवढंच, की द्यायचं ते स्वतःच्या कागदावरून.

वहीत आज अकरा नावं आहेत. बारावं नावाड्याच्या मुलीचं. ते मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, कारण तिने अजून काही दिलेलं नाही.