वारंवार गर्भपातावरील प्रतिकारक्षमता उपचार

वारंवार गर्भपातावरील प्रतिकारक्षमता उपचार म्हणजे आपोआप पुन्हापुन्हा होणारे गर्भपात टाळण्यासाठी स्त्रीच्या रोगप्रतिकारक यंत्रणेत बदल घडवू पाहणारे वैद्यकीय उपचार होत. दोन किंवा अधिक गर्भपात झाल्यास युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञ संस्था त्यास वारंवार गर्भपात मानतात. अनेक जोडप्यांमध्ये तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही. हे उपचार प्रामुख्याने अशा जोडप्यांना सुचवले जातात.

== संकल्पना ==
गर्भातील निम्मे जनुक पित्याकडून येतात. तरीही मातेचे शरीर गर्भाला परक्या अवयवाप्रमाणे नाकारत नाही. हे कोडे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडले. ही सहनशीलता बिघडल्यास गर्भपात होतो, या गृहीतकावर पुढील उपचार उभे राहिले.

== लसीकापेशी उपचार ==
या पद्धतीत पतीच्या रक्तातील लसीकापेशी (लिम्फोसाइट) वेगळ्या करून पत्नीला टोचतात. लंडनमधील मोब्रे व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या चाचणीत पतीच्या पेशी दिलेल्या २२ पैकी १७ स्त्रियांची, तर स्वतःच्याच पेशी दिलेल्या २७ पैकी १० स्त्रियांची गर्भधारणा यशस्वी झाली. त्यानंतर या उपचाराचा प्रसार झाला. मात्र कॅरोल ओबर व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील मोठ्या चाचणीत उपचार गटातील यश ३६ टक्के, तर नियंत्रण गटातील ४८ टक्के आढळले. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हा उपचार परवानगीप्राप्त संशोधनापुरता मर्यादित केला. रक्तातून पसरणारे संसर्ग हा त्याचा एक धोका आहे.

== इतर उपचार ==
* '''इम्युनोग्लोब्युलिन:''' दात्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे शिरेतून देतात. बहुतेक चाचण्यांत लाभ दिसला नाही. मात्र चार किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रियांवरील जपानी चाचणीत (२०२२) गर्भधारणेच्या सुरुवातीलाच दिलेल्या मोठ्या मात्रेने जिवंत जन्मांचे प्रमाण वाढले.
* '''प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे:''' लाभ सिद्ध झालेला नाही. मुदतपूर्व प्रसूतीचा धोका संभवतो.
* '''इंट्रालिपिड:''' सोयाबीन तेलाचे हे पायस शिरेतून देतात. पुरावा अपुरा आहे.

रक्तातील नैसर्गिक मारक पेशी मोजून उपचार ठरवण्याची प्रथाही वादग्रस्त आहे. गर्भाशयातील या पेशी रक्तातील पेशींहून वेगळ्या असून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या घडणीस त्या मदत करतात.

== अँटिफॉस्फोलिपिड लक्षणसमूह ==
या स्वयंप्रतिकार विकारात उपचारांचा लाभ दिसून आला आहे. किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा केलेल्या रक्तचाचण्यांत विशिष्ट प्रतिपिंडे आढळल्यास निदान पक्के होते. त्यावर अल्प मात्रेतील ॲस्पिरिन व हेपॅरिन देतात. १९९७ च्या एका ब्रिटिश चाचणीत दोन्ही औषधे घेणाऱ्या ७१ टक्के, तर केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्या ४२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले.

== मूल्यमापन ==
कारण न सापडलेल्या बहुसंख्य स्त्रियांची पुढील गर्भधारणा विशेष उपचारांशिवायही यशस्वी होते. त्यामुळे उपचारानंतर मूल झाले, एवढ्यावरून उपचार गुणकारी ठरत नाही. त्यासाठी नियंत्रण गटाशी तुलना आवश्यक असते. खर्च, दुष्परिणाम आणि आशाभंग यांचा भार जोडप्यांवर पडत असल्याने या तुलनेला विशेष महत्त्व आहे.