माळावरची चिंच आणि बुडालेली बोट

'सिंधुदुर्गात निवतीजवळ गुलदार ही युद्धनौका बुडवणार म्हणे. बोट बुडवून मासे कसे वाढतील?' परतूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गुलदार म्हणजे रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका. बांधणी पोलंडची, 1985मध्ये नौदलात आली आणि जानेवारी 2024मध्ये निवृत्त झाली.

उत्तर माळावरच्या एकट्या चिंचेत आहे. उघड्या माळावर टेकायला दुसरं काही नसतं, म्हणून पाखरं तिथंच गोळा होतात. समुद्रतळाची वाळू सारखी सरकते, तिथं कुणी बूड टेकवायचं? लोखंड पडलं की आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, मग त्यावर शिंपले, स्पंज, प्रवाळ यांच्या तरंगत्या अळ्या ठाण मांडतात. मागोमाग मासे. फक्त चिंचेवरची पाखरं तिथंच जन्मली की शेजारच्या बाभळींवरून आली, तसा हे मासे वाढले की नुसते गोळा झाले, हा शास्त्रज्ञांमधला वाद जुना आहे. 'मासेच मासे' अशा जाहिराती तेवढ्या जपून वाचाव्यात.

नमुना बघायचा तर तांबड्या समुद्रात. ऑक्टोबर 1941मध्ये जर्मन विमानांनी 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं. तळ 30 मीटरवर. आत मोटारसायकली, ट्रक अजून रांगेत उभे आहेत आणि त्यांच्यामधून मासे फिरतात.

तिथं जायचं कसं? विहिरीत तळाची माती काढायला बुडी मारणाऱ्याला ठाऊक असतं, आधी कान बोंबलतात. दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो; 30 मीटरवर चौपट. छाती फुगवायची तर हवाही तेवढ्याच दाबाची हवी. ती गरजेपुरती सोडणारी झडप बसवली एमिल गान्यान या फ्रेंच इंजिनिअरने. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायला त्याने एक रेग्युलेटर केला होता. आपल्या शेगडीच्या सिलिंडरवर असतो, त्याचाच भाऊबंद. 1943मध्ये त्यात फेरफार होऊन ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र तयार झालं. नाव झालं ते त्याचा जोडीदार झाक कूस्तोचं! कूस्तोने पाण्यात उतरून चाचण्या घेतल्या, नंतर सिनेमे काढले, हे खरंच; पण गान्यान पुढं कॅनडात जाऊन मुकाट्याने यंत्रं करत राहिला.

त्याच्या झडपेतून घेतलेला प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन बाहेर पडतो. थिसलगॉर्मच्या पोटात शिरलेल्या हजारो पाणबुड्यांचे बुडबुडे छताखाली अडकले आणि कोंडलेल्या त्या हवेने लोखंड जास्तच गंजायला लागलं. शेवटी 2007मध्ये हवा निसटावी म्हणून जहाजाला मुद्दाम भोकं पाडावी लागली.