ऑपेरा हाऊसमध्ये कंपनीचा सोहळा?

● ठिकाण : रॉयल ऑपेरा हाऊस, चर्नी रोड, मुंबई.

● इतिहास : १९११ मध्ये बांधकाम सुरू असतानाच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन. १९९३ मध्ये बंद. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली नूतनीकरण होऊन २०१६ मध्ये पुन्हा खुले.

● मान : २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार.

● आसने : सुमारे ५७५, खाली स्टॉल्स, वर बाल्कनी. डोक्यावर रंगवलेला घुमट, दर्शनी दालनात ससून घराण्याची झुंबरे.

● कशासाठी सोयीचे : उत्पादनाचे अनावरण, पुरस्कार सोहळा, व्याख्यान. खुर्च्या पक्क्या बसवलेल्या, त्यामुळे गोल टेबलांच्या जेवणावळीचा बेत इथे नको.

● लक्षात ठेवा : वारसा वास्तूत भिंतीला खिळा ठोकणेही महागात पडते. सजावटीचा आराखडा आधी मंजूर करून घ्या, मगच निमंत्रणे छापा.